घाटातला कचरा आणि एनएसएसचे तास

प्रश्न : सर, आमचं कॉलेजचं एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) पथक पसरणी घाटात कचरा वेचतं. आठवड्यात पुन्हा जैसे थे. हे नुसतं तास भरणं नाही का?
– एस.वाय.ची विद्यार्थिनी, वाई

उत्तर : दोन वर्षांत 240 तास भरायचेच असतात, त्यात लाज कसली! मी कार्यक्रम अधिकारी असताना आधी ग्रामपंचायतीत विचारायचो, ट्रॅक्टर कधी येणार? ते ठरल्याशिवाय हातमोजे चढवू नका. नाहीतर भरलेली पोती कडेलाच पडून राहतात आणि माकडं-कुत्री ती फाडतात. (फोटो मात्र झकास येतात.) फुटक्या बाटल्या वेगळ्या, जाड गोणपाटात; पातळ पिशवीतून काच उचलणाऱ्याचा हात कापते. वळणावर थांबू नका, दरीच्या उतारावर तर उतरूच नका. रस्त्याच्या उजव्या कडेनं चाला, म्हणजे समोरची गाडी दिसते.

वेचताना काय सापडतं तेही बघा. गुटख्याच्या पुड्या सगळीकडेच असतात. पण चहाचे कप आणि खाल्लेली कणसं एखाद्या टपरीभोवतीच जास्त दिसतील. त्या मालकाशी बोला, दोन पिंपं ठेवायला लावा आणि ती रिकामी कोण करणार, हेही तिथल्या तिथे ठरवून घ्या. माकडांना वेफर्स घालणाऱ्या पर्यटकांना जरूर हटका, पण एकटीनं नको.