फोर्कलिफ्टऐवजी एजीव्ही आणल्यास जड डाय हलवतानाचे अपघात थांबतील का?

प्रेस शॉपमधील, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या विभागातील, दीड-दोन टनांचे डाय (पोलादी साचे) फोर्कलिफ्टऐवजी एजीव्हीने, म्हणजे चालकाविना चालणाऱ्या गाडीने, हलवले तर अपघात थांबतील का, असे आपण विचारले आहे. मटेरियल हँडलिंगच्या अनुभवावरून सांगतो की ते नक्की कमी होतील, पण गाडीइतकेच लक्ष फरशी आणि मार्ग यांच्याकडे दिले तरच. गाडीचे तंत्र जुने व कसाला उतरलेले आहे. स्वीडनमधील काल्मारच्या कारखान्यात व्होल्वोने १९७४ पासून मोटारींची जुळणीच अशा गाड्यांवर केली.

खरा प्रश्न थांबण्याच्या अंतराचा आहे. सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारी गाडी अर्धा मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने मंदावली, तर ती एक मीटरमध्ये थांबते. वेग दीडपट केला की हेच अंतर सव्वादोन मीटर होते, आणि गाडीवरच्या, वाटेतला अडथळा टिपणाऱ्या स्कॅनरने माणूस ओळखून ब्रेक लागेपर्यंत गाडी जेवढी पुढे जाते ते अंतर वेगळेच. ब्रेक करकचून लावावा, तर नीट न बांधलेला डाय पुढे सरकतो. त्यातच प्रेसजवळच्या फरशीवर तेल सांडलेले असते व चाके घसरतात. म्हणून अशा ठिकाणी वेग कमीच ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट स्कॅनरची. माणसांच्या सुरक्षेचा लेझर स्कॅनर सहसा जमिनीपासून वीतभर उंचीवरच्या एकाच आडव्या पातळीत पाहतो. माणसाचा पाय त्याला दिसतो, परंतु गुडघ्याच्या उंचीवर उचललेला फोर्कलिफ्टचा काटा किंवा टेबलाबाहेर आलेला पत्रा दिसत नाही. त्यासाठी वर वेगळा सेन्सर लागतो. काचेवर तेलाची वाफ बसली की गाडी विनाकारण थांबू लागते, मग वैतागून कोणीतरी स्कॅनर बायपास करतो, आणि हे मला सर्वांत धोक्याचे वाटते. काच पुसण्याचे काम प्रत्येक पाळीत एका ठरावीक माणसाकडे सोपवा.

चालकाविना चालणाऱ्या गाड्यांच्या सुरक्षेसाठीच्या आयएसओ ३६९१-४ या आंतरराष्ट्रीय मानकात मार्गाच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर मोकळी जागा अपेक्षित आहे. तेथे पॅलेट साठू देऊ नका. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी पुरवठादाराकडून आपल्याच फरशीवर, पूर्ण भारासह आणि ठरलेल्या कमाल वेगाने, थांबण्याची चाचणी करून घ्या व मोजलेले अंतर लेखी मागा.