डिस्टिलेशन नव्याने शिकताना

पाणी-अल्कोहोलचं मिश्रण उकळून, वाफ गार करून अल्कोहोल वेगळं करताना (हेच डिस्टिलेशन) तापमान बराच वेळ हललं नाही म्हणून ‘शुद्ध अल्कोहोल मिळालं’ असं वहीत लिहिलंस ना? नवीन मुलं बहुतेक इथेच फसतात. वजनाने सुमारे 95.6 टक्के इथेनॉल (म्हणजे हेच अल्कोहोल) आणि बाकी पाणी, हे मिश्रणही एकाच तापमानाला उकळत राहतं, कारण वाफेतही तेच प्रमाण असतं. हाच अ‍ॅझिओट्रोप. कॉलम (वाफ वर चढते ती उभी नळी) कितीही उंच घे, साध्या डिस्टिलेशनने पुढे सरकणार नाहीस. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतही उरलेलं पाणी काढायला मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषून धरणारे अतिबारीक छिद्रांचे दाणे) वापरतात.

सध्या एवढं सांभाळ:
- थर्मामीटरचा बल्ब बाजूच्या नळीच्या तोंडाशी हवा. वर राहिला तर आकडा कमी दिसतो.
- उकळी शांत ठेवणारे पोर्सेलिनचे तुकडे द्रव गार असतानाच टाक. तापल्यावर टाकलेस तर सगळं उसळून अंगावर येईल. यात हयगय अजिबात नको.
- उघडी ज्योत नको, वॉटर बाथ (गरम पाण्याचं भांडं) घे.

आणि पुस्तकातले आकडे पाऱ्याच्या 760 मिमी, म्हणजे समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाचे असतात. आपल्या साताऱ्याच्या उंचीवर पाणीच 98 अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे इथेनॉलचा आकडाही 78 पेक्षा कमीच येणार. घाबरून थर्मामीटर बदलू नकोस, त्या दिवसाचा दाब वहीत लिही. फेज डायग्राम, तिसरा घटक घालणं वगैरे नंतर बघू; आधी हाच प्रयोग दोनदा कर आणि आकडे जुळतात का ते बघ.