एफडी मोडून लंडनला बिझनेस इंग्लिश शिकायला जाऊ का?

ऐरोलीच्या एका वाचकांचा प्रश्न, थोडक्यात: वय ४१. रबाळे एमआयडीसीतल्या कंपनीत क्वालिटी मॅनेजर, दहावीपर्यंत मराठी माध्यम. हातात येणारा पगार ९२ हजार, पत्नीच्या शिकवण्यांचे १२ हजार. घराचा हप्ता ३४ हजार, घरखर्च ५० हजार, नववीतल्या मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी एसआयपी १२ हजार. शिल्लक म्हणून चार लाखांची एफडी. लंडनच्या एका भाषाशाळेत चार आठवड्यांचा बिझनेस इंग्लिश कोर्स करायचा आहे. खर्च पावणेसहा लाख. एफडी मोडून आणि दोन लाखांचं पर्सनल लोन घेऊन जावं का?

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. ‘जर्मनीचा कॉल चालू असताना मी माइक बंद ठेवून वाक्य मनात जुळवतो आणि माइक चालू करेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.’ मीही ठाण्यात मराठी माध्यमात शिकले. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत उत्तर येत असूनही मीटिंगमध्ये गप्प बसले आहे. तुमच्याच हाताखाली तयार झालेला मुलगा आता तो कॉल घेतो, हे लिहिताना तुम्हाला काय वाटलं असेल याची मला कल्पना आहे. म्हणून हा खर्च मी हौसेच्या खात्यात टाकत नाही. गरज खरी आहे. पण या वर्षी, या पैशांतून लंडनला जाऊ नका, असंच मी सांगेन.

आधी खर्चाचा आकडा नीट मांडू. फी २,४०० पाउंड, घरगुती राहण्याचे आठवड्याला ३२० प्रमाणे १,२८० पाउंड. १२० रुपये दराने हे झाले ४ लाख ४१ हजार. विमान ७० हजार, व्हिसा, विमा, दुपारचं जेवण आणि लंडनचा प्रवास धरून ६० हजार. इथवर तुमचा हिशोब बरोबर आहे. पण कंपनी दोनच आठवड्यांची भरपगारी रजा देणार, उरलेले दोन आठवडे बिनपगारी, हे तुम्हीच पत्राच्या शेवटी लिहिलंय आणि ते ४६ हजार कुठेच धरलेले नाहीत. कार्डाने पैसे दिलेत तर परकीय चलनाचा आकार लागतो. बऱ्याच कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांपर्यंत जातो, वर जीएसटी. म्हणजे खरा खर्च सव्वासहा लाखांच्या घरात जातो.

आता या पैशांत मिळतं काय? माहितीपत्रकात आठवड्याला २५ तासिका लिहिल्या आहेत, पण तासिका ४५ मिनिटांची आहे. चार आठवड्यांत प्रत्यक्ष शिकवणी ७५ तासांची, तीही बारा जणांच्या वर्गात. सव्वासहा लाखांना ७५ ने भागा. तासाला आठ हजारांच्या वर पडतात.

दुसरी गोष्ट पैशांइतकीच महत्त्वाची. भाषेची पातळी मोजायची जी युरोपीय मोजपट्टी आहे, ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पायऱ्यांची, तिच्यात बी-टूवरून सी-वनला जायला मार्गदर्शनाखालचे साधारण २०० तास लागतात, असा केंब्रिजच्या परीक्षा मंडळाचा अंदाज आहे. शाळेच्या ऑनलाइन चाचणीत तुम्ही बी-टू आलात. म्हणजे ७५ तासांत पायरीचा जेमतेम तिसरा हिस्सा पार होईल. मधल्या वेळेत दुकानात, बसमध्ये, घरमालकिणीशी बोलणं होईल, त्याचा फायदा मी नाकारत नाही. चार आठवडे मराठी कानावर न पडणं याची ताकद असते. पण परत आल्यावर पुढचे सव्वाशे तास कुठून आणणार, याची तरतूद तुमच्या योजनेत नाही, आणि तोपर्यंत एफडीही संपलेली असेल.

तुमच्या कॉलवर समोर कोण असतं, याचाही विचार करा. श्टुटगार्टचा खरेदी विभाग आणि मिलानचा डिझाइन इंजिनिअर. त्यांचीही मातृभाषा इंग्रजी नाही. लंडनच्या शाळांत जगभरातून लोक येतात आणि त्यातल्या अनेकांच्या आजूबाजूला मायदेशी इंग्रजी फारसं नसतं. तुमची अडचण तशी नाही. तुम्ही रोज इंग्रजीत ईमेल लिहिता, ऑडिट रिपोर्ट लिहिता, ड्रॉइंग वाचता. अडतं ते तक्रारीच्या कॉलवर, जेव्हा ग्राहक म्हणतो की लॉटमधले तुकडे मापात नाहीत आणि तुम्हाला नकार न देता, कबुलीही न देता वेळ मागायचा असतो. हे कौशल्य फार नेमकं आहे. ते शिकवणारा माणूस तुमच्या कामाच्या भाषेत उतरणारा हवा, आणि त्यासाठी लंडनच गाठायला हवं असं नाही.

मग पैसे उभे करण्याची तुमची योजना. दोन लाखांचं पर्सनल लोन १३ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता ९,५०० रुपये. तुमच्या घरात सगळं जाऊन महिन्याला उरतात ८ हजार. म्हणजे पहिल्याच महिन्यात एसआयपीला कात्री लागणार. तुमच्या मुलीची बारावी तीन वर्षांवर आहे. त्या पैशाला वाढायला आधीच वेळ कमी आहे, तो मध्येच थांबवू नका. एफडीचं तर बोलूच नका. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ८४ हजार लागतात. चार लाख म्हणजे पाच महिनेही पुरत नाहीत. मला ते सहा महिन्यांचे हवे होते. ते शून्यावर आणून, डोक्यावर नवा हप्ता घेऊन, बिनपगारी रजेवर परदेशात जायचं, आणि परत आल्यावर ऑर्डर कमी झाल्या म्हणून कंपनीने हात आखडता घेतला तर? मुदत ठेव वेळेआधी मोडली की बँका व्याज कापतात, पण ते त्यात सगळ्यात छोटं नुकसान.

बढती मिळाली तर हातात महिना १५ हजार वाढतील, असं तुम्ही म्हणता. सव्वासहा लाख वसूल व्हायला साडेतीन वर्षं लागतील, तीही बढती नक्की मिळाली तर. तुमच्या साहेबांनी तसं लिहून दिलेलं नाही. ‘इंग्रजी सुधार, मग बघू’ एवढंच म्हणाले आहेत.

माझ्या नौपाड्यातल्या ऑफिसात येणारे एक गृहस्थ डब्लिनला सहा आठवडे असाच कोर्स करून आले आणि त्यांचे पैसे सार्थकी लागले. पण त्यांची तिथल्या शाखेत बदली आधीच ठरली होती आणि फी कंपनीने भरली होती. तुमच्याबाबतीत या दोन्ही गोष्टी अजून नाहीत.

तुम्ही हे करा. आठवड्यातून दोनदा, एकास एक, ऑनलाइन चालेल, पण कारखान्यातल्या माणसांना शिकवलेला प्रशिक्षक शोधा. तासाला १,२०० रुपये धरले तरी वर्षाच्या शंभर तासांना १ लाख २० हजार. म्हणजे महिन्याला १० हजार. तुमच्याकडे ८ हजार उरतात, वरचे दोन हजार घरखर्चातून काढावे लागतील. ते जमण्यासारखं आहे, पत्नीशी बोलून ठरवा. दर आठवड्याला तुमच्याच एका खऱ्या कॉलची तालीम करा, ग्राहकाचं नाव वगळून. ठाणे आणि नवी मुंबईत टोस्टमास्टर्सचे क्लब भरतात, तिथे चार लोकांसमोर उभं राहून बोलायची सवय होते, खर्चही बेताचा. आणि त्याआधी एचआरकडे अर्ज करा. तुम्ही निर्यातीच्या ग्राहकांच्या कॉलवर असता, तेव्हा हे प्रशिक्षण कंपनीच्या कामाचं आहे. फीचा अर्धा वाटा मागा. कंपनीने बाँड मागितला तर किती वर्षांचा आणि सोडल्यास किती रक्कम परत करायची, हे आधी वाचून मग सही करा.

वर्षाने तुम्ही ते कॉल स्वतः घेऊ लागलात आणि तरी लंडनची ओढ राहिली, तर दोन आठवड्यांसाठी जा. त्यासाठी वेगळी आवर्ती ठेव उघडा, बोनस आला की त्यात टाका. तेव्हाची दोन-तीन व्यवहाराची कामं: शाळेला ब्रिटिश काउन्सिलची मान्यता आहे ना, ते पाहा. सहा महिन्यांपर्यंतचा कोर्स साध्या व्हिजिटर व्हिसावर करता येतो, पण व्हिसा नाकारला तर व्हिसाची फी परत मिळत नाही, म्हणून शाळा अशा वेळी किती पैसे परत देते ते लेखी घ्या. पैसे शाळेला थेट बँकेतून पाठवा. आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत अशा पाठवणीवर टीसीएस, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ कापला जाणारा कर, लागत नाही. एजंटने विमान, राहणं, कोर्स सगळं एकत्र ‘टूर पॅकेज’ म्हणून विकलं तर मात्र पहिल्या रुपयापासून टीसीएस कापला जातो. रिटर्न भरताना तो वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात.

तुमची एफडी पुढच्या महिन्यात मुदत पूर्ण करते आहे. तिचं नूतनीकरण करताना चार लाखांची एकच पावती करू नका, दोन-दोन लाखांच्या दोन करा. घरात कोणी आजारी पडलं आणि पैसे लागले, तर एकच मोडावी लागेल.