पोटाला बांधायच्या होल्स्टरबद्दल विचारणाऱ्या मिरजेच्या ताईंना

ताई, ग्रीन कार्ड आलंय, आता ह्यूस्टनला येऊन दिरांच्या गॅस स्टेशनवर रात्री गल्ला सांभाळायचा आहे, असं तुम्ही लिहिलंय. तिथल्या बायका कपड्यांच्या आत पिस्तूल बांधतात, तो पट्टा दिवसभर सहन होतो का, त्यात धोका किती, हा तुमचा प्रश्न. नऊ वर्षं मी तेच करतेय. आमच्या दुकानात चोर शिरले, ह्यांच्या डोक्याला सात टाके पडले, त्यानंतर सुरू केलं. आजवर एकदाही बाहेर काढावं लागलेलं नाही.

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवाय बाळगता येतं, हे तुम्ही वाचलं असेलच. तरी परवाना काढा. केंद्राच्या कायद्याने शाळेपासून १००० फुटांच्या आत परवाना नसलेल्याला मनाई आहे आणि आमच्या भागात शाळा ओलांडल्याशिवाय वाणसामानही आणता येत नाही. पिस्तूल खरेदीच्या सरकारी फॉर्म ४४७३ ने मला रडवलं. गाडीच्या लायसन्सवर जुना पत्ता, पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, लायसन्सवर ह्यांचं. दोनदा परत पाठवलं. तेवढं आधी जुळवून घ्या. आणि व्हिसावर आलेल्या पाहुण्याच्या हातात पिस्तूल कधीही देऊ नका. भाचा शिकायला आलाय, त्याला हातात धरून फोटो हवा होता. मी नाही म्हणाले, अजून रुसलाय. रुसू दे.

आता पट्टा. आपल्या आज्या कनवटीला पैसे लावायच्या, तसा हा कमरेच्या वर किंवा थोडा खाली, अंगाला घट्ट बसतो. सैल कुर्त्याखाली कुणाला कळत नाही. पहिला मी नुसत्या इलॅस्टिकचा घेतला आणि चुकले. मऊ कापडातून बाहेरच्या दाबानेही ट्रिगर ओढला जाऊ शकतो, आणि पिस्तूल काढलं की पट्ट्याच्या खिशाचं तोंड मिटतं. मग परत घालताना कापड आत अडकतं, नळी स्वतःच्याच पोटाकडे वळते. ट्रिगर पूर्ण झाकणारं कायडेक्सचं, म्हणजे टणक प्लास्टिकचं, कडक कवच असलेलाच घ्या. तरीही अंगावर पट्टा असताना पिस्तूल परत आत सरकवू नका. पट्टा सोडा, टेबलावर नीट बसवा, मग बांधा. मी अजूनही असंच करते.

सहन होतं का? उभं राहिलं तर होतं. गाडीत बसलं की पिस्तुलाची मूठ बरगडीत रुतते. ह्यूस्टनच्या दमट उन्हाळ्यात पट्ट्याखाली पुरळ येतं, म्हणून आत सुती बनियन हवं. घामाने लोखंड गंजतं, आठवड्याला तेलाचा हात फिरवा. एक सोय मात्र खरी: पँटला अडकवलेला होल्स्टर बाथरूममध्ये पँटबरोबर खाली येतो, हा अंगावरच राहतो. पण जितकं खोल लपवाल तितका काढायला वेळ लागतो. एका हाताने कुर्ता वर, दुसऱ्याने मूठ. रिकाम्या पिस्तुलाने महिनाभर घरी सराव करा.

एकटेपणाचंही विचारलंय. मंडळाचा गणपती असतो, सवय होते.

मला बोलायचंय ते मुलाबद्दल. तेव्हा तो चार वर्षांचा होता. पाळणाघरातून धावत यायचा आणि कमरेला मिठी मारायचा. त्याचं डोकं नेमकं तिथेच यायचं. मग मी कूस वळवून त्याला बाजूने घ्यायला शिकले. सात वर्षांचा असताना शाळेत बोलून गेला, ‘आई पोटाला बांधते.’ मला बोलावून घेतलं. घरी तिजोरी आहे का, किल्ली कुणाकडे असते, सगळं विचारलं. तिजोरी होती, मी सांगितलं. विचारलं त्याचा राग नाही, विचारायलाच हवं होतं. पण त्याच शाळेने, बंदूकवाला शिरला तर म्हणून, पोरांना अंधाऱ्या वर्गात भिंतीला चिकटून गप्प बसवायचा सराव घेतला, तो आम्हाला न कळवता. त्या रात्री त्याने मला विचारलं, ‘आई, शिंक आली तर?’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पट्टा तेव्हाही बांधलेलाच होता.

आता तो तेरा वर्षांचा आहे, माझ्यापेक्षा उंच. मिठी मारतो ती बाजूनेच.

शेवटी एकच. नेमबाजीच्या सरावाला रेंजवर नेता ती बॅग भारतात जाताना घेऊ नका. अस्तरात एक काडतूस राहिलं तरी मुंबई विमानतळावर शस्त्र कायद्याखाली अडकाल. मी त्यासाठी वेगळी बॅग ठेवलीय. गेल्या दिवाळीत सांगलीला गेले तेव्हा कमरेला काहीच नव्हतं. आईने दारातच जवळ घेतलं आणि मी वळले. ‘पाठ दुखतेय का गं?’ तिने विचारलं. मी हो म्हणाले.