तापोळ्याच्या पाण्यात (कोयना धरणाचं बॅकवॉटर) दोन रात्री काढल्या की बोटीची बॅटरी बसते. काठावर लाइट नाही. जनरेटर घ्यावा का?

जनरेटर राहू द्या. आधी वहीत हिशोब मांडा.

तुम्ही लिहिलंय त्यावरून 12 व्होल्टची, 100 अँपिअर-अवरची एकच बॅटरी आहे आणि तिच्यावरच इंजिनाचा स्टार्टरही. 5 वॅटचे चार दिवे पाच तास म्हणजे 100 वॅट-अवर. 15 वॅटचे दोन पंखे रात्रभर, आठ तास, म्हणजे 240. मोबाइलचे 45 धरून 385. भागिले 12 व्होल्ट, रात्रीला 32 अँपिअर-अवर. लेड-ॲसिड बॅटरीतून निम्म्याहून जास्त काढू नये, म्हणजे तुमच्या हातात 50. दोन रात्रींचे 64 झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर नुसता कुंथणारच.

"इंजिन तासभर चालवलं की भरते" असं बामणोलीपर्यंत सगळे सांगतात. मीही बरीच वर्षं तेच धरून चाललो आणि दोन बॅटऱ्या घालवल्या. लहान आउटबोर्डचा (बोटीच्या मागे बाहेरून लावतात त्या इंजिनाचा) चार्जिंग करंट पाच-सहा अँपिअर, तोही इंजिन जोरात पळत असताना. नुसतं घुरघुरत ठेवलं तर जवळपास काहीच नाही. शिवाय बॅटरी 80 टक्क्यांच्या वर गेली की ती करंट कमी कमी घेत जाते, शेवटच्या 20 टक्क्यांना कित्येक तास लागतात. तेवढं डिझेल-पेट्रोल कोण जाळणार? अर्धवट भरलेली राहून राहून प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग बॅटरी चार्जिंगच धरत नाही.

त्या शेवटच्या टप्प्याला सोलर उत्तम. सावकाश, पण दिवसभर. 100 वॅटच्या पॅनेलकडून स्वच्छ उन्हात साधारण 25-30 अँपिअर-अवर धरा. आपल्याकडे डोंगराआड ऊन लवकर जातं, म्हणून 200 वॅट घ्या, सोबत एमपीपीटी कंट्रोलर, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा. पॅनेल छपरावर अशा जागी लावा की पाइपाची, झेंड्याच्या काठीचीसुद्धा सावली पडणार नाही. माझ्या बोटीत छपराच्या एका पाइपाची बारीक सावली पडायची, क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा) लावून पाहिलं तर करंट निम्म्याहून खाली! एक वीत सरकवल्यावर सुटलं.

दुसरी बॅटरी मात्र घ्याच, फक्त स्टार्टरसाठी. मध्ये व्होल्टेजवर चालणारा रिले टाका: 13.3 च्या वर गेलं की दोन्ही जोडतो, 12.8 च्या आसपास तोडतो. पंखे कितीही चालवा, इंजिन सुरू होईल. बॅटरीजवळच फ्यूज हवा, वायर जाड हवी आणि पेटीला हवा खेळती हवी. चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

लिथियम घेणार असाल तर थेट इंजिनाच्या चार्जिंगला जोडू नका, डीसी-डीसी चार्जर मध्ये लागतो, तो इंजिनाकडून येणारा करंट आवरून लिथियमला हवा तसा देतो.

पावसाळ्यात सगळं काढून घरी आणा, निगेटिव्ह सोडवून महिन्यातून एकदा भरा. आणि मुक्काम तापोळ्याच्या बाजूलाच करा. वासोटा किल्ल्याखालचा भाग कोयना अभयारण्यात येतो, तिथून संध्याकाळी परतावंच लागतं.

आताची बॅटरी किती वर्षांची आहे? पूर्ण भरून, सगळ्या वायरी सोडवून रात्रभर ठेवा. सकाळी मल्टिमीटरवर 12.6 दिसलं तर तीच चालेल. 12.2 च्या खाली असेल तर मला आकडा कळवा, सोलरचा खर्च करण्याआधी.