महागडी तबकडी घेण्यापूर्वी

सोन्याचा थर, क्रमांकित आवृत्ती किंवा देखणे जपानी वेष्टन पाहून गाण्यांची सीडी किंवा तत्सम तबकडी निवडू नका; मास्टरिंग (तबकडी छापण्यापूर्वी ध्वनीवर होणारे अखेरचे संस्करण) कोणी आणि कोणत्या टेपवरून केले हे आधी शोधा, कारण कानाला जाणवणारा फरक बहुतांशी तिथेच पडतो. एसएचएम-सीडी ही महागडी सीडी अधिक पारदर्शक पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असली, तरी तिच्यावरील ध्वनी साध्या सीडीप्रमाणे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचाच असतो. केवळ प्लास्टिकसाठी जादा पैसे मोजणे मला पटत नाही.

एसएसीडीचे (सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे साध्या सीडीपेक्षा अधिक तपशीलवार ध्वनी साठवणारी तबकडी) तसे नाही. हायब्रिड तबकडीत सीडीचा आणि एसएसीडीचा असे दोन थर असतात आणि साधा प्लेअर त्यांपैकी फक्त सीडीचा थर वाचतो, त्यामुळे तुमचा प्लेअर दुसरा थर वाचतो की नाही याची आधी खात्री करून घ्या. मूळ ध्वनिमुद्रणाची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते, कारण मुद्रणात नसलेला तपशील एसएसीडीही देऊ शकत नाही: डायर स्ट्रेट्स या बँडचा १९८५ चा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ हा अल्बम मुळात डिजिटल टेपवर मुद्रित झाला, तर पिंक फ्लॉइडचा १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ अ‍ॅनालॉग टेपवर. दुसऱ्याच्या २००३ च्या एसएसीडीवर ध्वनी अभियंता जेम्स गथ्री यांनी केलेले ५.१ मिक्सिंग (पाच स्पीकर आणि एका बेस स्पीकरसाठीची ध्वनीची मांडणी) आहे, आणि पाच स्पीकरची सोय असेल तर ती प्रत घ्यावीच.

दोन आवृत्त्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. ड्रमचा ठोका भोवतालच्या वाद्यांतून ठसठशीत उठतो का आणि झांजेचा नाद सावकाश विरतो का, हे ऐका. महागड्या प्रतीत हे दोन्ही चपटे वाटले, तर जुनी स्वस्त सीडीच ठेवा.