यादी झाली, आता बघायला लाग

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी पोचली. पक्षी, फुलपाखरं, सरडे, साप, सगळं तारखेवार मांडलेलं पाहून फार बरं वाटलं. खाली तू विचारलं आहेस, "परसात आता नवीन काही दिसत नाही. पुढे काय करू? ताडोबाला जाऊ का?" ताडोबाला जरूर जा. पण परस संपलं म्हणून जाऊ नकोस. तिथे कोण कोण राहतं एवढंच तुला कळलं आहे. ते दिवसभर काय करतात, काय खातात, कोणाच्या जिवावर जगतात, याची एकही ओळ वहीत नाही. खरी मजा तिथून पुढे आहे.

तुझ्याच यादीतलं उदाहरण घेते. "कुंभारमाशी, पडवीच्या खिडकीवर" एवढं लिहून तू पुढे गेलास. परत जा आणि त्या खिडकीपाशी पाट घेऊन बस. आपल्याकडे कुंभारमाशीच्या दोन तऱ्हा सहज दिसतात. एक सुतासारख्या कंबरेची, काळी-पिवळी. ती भिंतीवर लांबट खोल्या एकमेकींना लागून लिंपते आणि शेवटी सगळ्यांवरून मातीचा एक थर देते. ओली माती बसवताना ती पंखांचा बारीक घुंईऽऽ असा आवाज करते, कान दिलास तर नक्की ऐकू येईल. दुसरी काडीवर नाहीतर भिंतीवर सुपारीएवढं गाडगं घडवते, तोंडाला काठ वळवलेलं. पहिली खोलीत कोळी भरते, दुसरी अळ्या. दोघीही सावज ठार मारत नाहीत. नांगी मारून लुळं करतात, म्हणजे ते सडत नाही. गाडगंवाली आधी रिकाम्या गाडग्यात एक अंडं बारीक तंतूने टांगते, मग अळ्या कोंबते आणि तोंड लिंपून टाकते. पुढे अंड्यातून निघालेला किडा या शिदोरीवर वाढतो, कोष करतो, आणि एक दिवस माती पोखरून नवी माशी बाहेर पडते.

गावच्या सप्ताहात कीर्तनकार बुवांकडून तू भृंगकीटकाचा दृष्टांत ऐकला असशील. माशी अळीला कोंडून ठेवते, अळी भयाने तिचंच ध्यान करते आणि शेवटी स्वतःच माशी होते. ज्यांना हे प्रथम सुचलं त्यांची नजर चांगली होती, हे ध्यानात घे. अळी आत गेली हे त्यांनी पाहिलं, माशी बाहेर आली हेही पाहिलं. मधलं मातीआड होतं, तिथे त्यांनी तर्क बसवला. भक्तीच्या वाटेवर त्या दृष्टांताचं मोल आहे आणि ते तसंच राहू दे. पण परसातली वही लिहिताना पाहिलेलं आणि ताडलेलं एकात एक मिसळू द्यायचं नाही.

म्हणून पानाच्या मधोमध एक उभी रेघ मार. डावीकडे डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं, उजवीकडे "असं असावं". तू लिहिलं आहेस, "बुलबुलची जोडी भांडत होती." बुलबुलात नर-मादी दिसायला सारखेच, तेव्हा ती जोडी होती हे तुझं ताडणं. भांडण हेही ताडणंच. डावीकडे यायला हवं होतं ते असं: दोन लालबुडे बुलबुल, जास्वंदीवर, एक पंख थरथरवत होता, दुसऱ्याच्या चोचीत काहीतरी हिरवं. असं लिहिलं असतंस तर कदाचित तुझं तुलाच दिसलं असतं की ते पिल्लू आईबापाकडे खाऊ मागत असेल. उजवी बाजू रिकामी राहिली तरी बिघडत नाही. डावी बाजू भरगच्च हवी.

ही रीत मी शोधलेली नाही. 15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते, आणि एडवर्ड हॅमिल्टन एटकेन नावाचा एक गोरा अंमलदार होता. 1851 मध्ये साताऱ्यात जन्मलेला हा माणूस मीठ आणि जकात खात्यात नोकरी करायचा. बंगल्याच्या आवारातले कावळे, बेडूक, मुंग्या यांच्यावर त्याने इतक्या बारकाईने लिहिलं की वाचताना नवल वाटतं. पुढे कारवारकडे असताना डेव्हिडसन आणि बेल यांच्याबरोबर त्याने फुलपाखरांच्या अळ्या घरी आणून वाढवल्या, आणि कोणती अळी कोणत्या झाडावर जगते याच्या नोंदी 1890 च्या दशकात सोसायटीच्या नियतकालिकात छापल्या. डेव्हिडसन कलेक्टर, बेल जंगलखात्यात. तिघेही नोकरी सांभाळून हे करत होते. तुला तर शाळा सुटल्यावर सगळी संध्याकाळ मोकळी आहे.

तुझ्यासाठी झाड मी निवडून ठेवलं आहे: मोरीच्या सांडपाण्यावर वाढलेला तुमचा कढीपत्ता. पावसाळ्याचा शेवट आणि ऑक्टोबर हा फुलपाखरांचा मोसम, तेव्हा आजच सुरुवात कर. कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची मादी कोवळ्या पानावर क्षणभर टेकते, शेपूट वाकवते आणि उडते. ती गेली की तिथे मोहरीएवढं पिवळसर, गोल अंडं दिसेल. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि बहुधा आधी स्वतःच्या अंड्याचं कवच खाते. सुरुवातीला ती तपकिरी-पांढरी, ओलसर चकाकणारी, हुबेहूब पक्ष्याची शीट पडल्यासारखी असते. शीट कोण खाणार? कात टाकत टाकत मोठी झाली की एकदम हिरवीगार होते. शेवटच्या अवस्थेत तिला गवताच्या काडीने हलकेच शिवून बघ. डोक्यामागून लाल रंगाचं दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. एकदाच कर, पुन्हा पुन्हा छळू नकोस. पुढे ती रेशमाचा पट्टा कंबरेला बांधून कोष करते. कोष हिरवा झाला की तपकिरी, आणि तो कशावर बांधला होता, हे दोन्ही लिहून ठेव.

सगळ्या अळ्यांची फुलपाखरं होणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. काही पक्षी नेतील. काहींच्या अंगात इवल्याशा गांधीलमाश्यांनी अंडी घातलेली असतील आणि कोषातून त्याच बाहेर येतील. वाईट वाटेल, तरी नोंद कर. आणि आई फोडणीसाठी कढीपत्ता तोडते तेव्हा तिला कुठल्या फांदीला हात लावू नये ते दाखवून ठेव, सुतळी बांध हवी तर.

फोनविषयी. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकतोस ते छान आहे, नाव अडलं की तिथले जाणकार सांगतात. पण फोटो झाल्यावर फोन खिशात ठेव आणि तो जीव निघून जाईपर्यंत तिथेच थांब. दयाळ पक्ष्याला भुलवायला त्याच्याच आवाजाची फीत वाजवायची मात्र अजिबात नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो खाणंपिणं सोडून त्याला शोधत फिरतो. शिंपी पक्ष्याचं घरटं सापडलं तर पानं बाजूला करून आत डोकावू नकोस. तू पान वाकवतोस आणि माडावरचा कावळा ते बघत असतो. भारद्वाजालाही अंडी-पिल्लं आवडतात. लांबून बघ, आईबाप चोचीत काय घेऊन येतात ते लिही.

कानही वापर. सातभाई एकाच झुडपाभोवती जमून कर्कश गिल्ला करू लागले की तिथे साप, मांजर किंवा पिंगळा असण्याचा संभव मोठा. खारीची लांबलेली चिकचिकही तशीच. आवाजाच्या दिशेने जा, पण झुडपाशी दहा पावलं आधी थांब.

साप निघाला की घरात काय गोंधळ होतो ते मला माहीत आहे. धामण, नानेटी, पाणदिवड यांच्यात विष नाही, आणि धामण तुमच्या भाताच्या कणगीची राखण करते. पण आपल्या कातळावर फुरसं आहे, आणि ते दिवसा दगडाखाली बसतं. वेटोळ्यावर वेटोळं घासून खरखर आवाज करतं. दगड, चिरे, नारळाच्या सोडणांचा ढीग हाताने उचलायचा नाही, काठीने सरकवायचा. काळोख पडल्यावर बॅटरीशिवाय परसात पाऊल नाही. बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांची गल्लत फार होते: कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारचे उलट. हे पुस्तकातलं ज्ञान लांबूनच वापरायचं, खात्री करायला जवळ जायचं नाही. साप घरात शिरला तर वनखात्याचा 1926 हा नंबर आहे, सर्पमित्र येतात. कोणाला दंश झालाच तर दोरी बांधणं, चिरणं, मांत्रिक यांत एक मिनिट घालवू नये. 108 ला फोन करायचा, हातपाय हलू द्यायचे नाहीत आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा.

तुझ्या फोटोतली ती हाताच्या पंजाएवढी गोगलगाय आपली नाही. आफ्रिकन राक्षसी गोगलगाय ती. 1847 मध्ये एका शौकिनाने कोलकात्यात आणून सोडली आणि तिथून देशभर पसरली. एकेक शेकड्यांनी अंडी घालते आणि भाजीपाला फस्त करते. तिच्या बाबतीत माया नको. तिन्हीसांजेला वेचायच्या आणि दाट मिठाच्या पाण्यात टाकायच्या. वेचताना हातमोजे घालायचे, कारण त्यांच्या अंगात माणसाला बाधणारे जंत असू शकतात. विषारी गोळ्या टाकू नका, त्या कुत्रा खातो, पक्षीही खातात. आणि लहान, स्थानिक गोगलगाई नीट ओळखून सोडून द्या. काजव्याची अळी त्यांच्यावर जगते. पुढच्या वर्षी मे अखेरीस परसात काजवे दिसावेत असं वाटत असेल तर त्या हव्यात, आणि रात्री पडवीतला दिवाही लवकर मालवायला हवा.

आता धोबी पक्षी येतील. करडा धोबी हिमालयाकडून उतरतो आणि विहिरीच्या कठड्यावर, न्हाणीच्या पाटाशी शेपटी खालीवर करत चालताना दिसतो. पहिला दिसेल ती तारीख लिही. दरवर्षी लिही. दहा वर्षांनी त्या एका ओळीची किंमत कुठल्याही फोटोपेक्षा जास्त असेल.

एक गोष्ट बाबांशी बोलायची आहे. दसऱ्या-दिवाळीच्या साफसफाईत ते परसातलं गवत बेणून पातेरा जाळतात. या वर्षी विहिरीपलीकडचा कोपरा तसाच ठेवा म्हणावं, पातेऱ्यासकट. सापसुरळ्या, बेडूक, कोषातले पतंग सगळे तिथे आहेत. फाटकापाशी उगवलेली रुई उपटू नका, तिच्या पानांवर बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळ्या वाढतात आणि त्या पानांचंच विष अंगात मुरवून पक्ष्यांपासून बचावतात. बाबा ऐकत नसतील तर रविवारी सकाळी मला फोन लावून त्यांच्या हातात दे, मी सांगते.

तुझी काकू